फौजीची पट्टी

आमच्या दवाखान्यात माणसं मार खाऊन येतात, आणि कधी कधी उरलेला मार इथं येऊन खातात. बांधावरून, बोअरच्या पाण्यावरून, लग्नात कोणाची पंगत आधी उठली यावरूनही जुंपते. डोकी दोन्हीकडची फुटतात आणि दवाखाना दोघांना एकच. हिंगोली जिल्ह्यातलं हे कोणतं गाव ते मी सांगत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील आणि मला शिव्या देतील, त्याची मला सवय आहे. मी इथली सिस्टर. तांड्यावर वाढले, तोंडाने फाटकी आहे, आणि त्या तोंडावरच इतकी वर्षं नोकरी निभावली आहे.

तो रुजू व्हायला आला त्या दुपारी असंच चाललं होतं. दोन सख्ख्या भावांची घरं एकमेकांवर कुऱ्हाडी घेऊन गेली होती. थोरल्याच्या डोक्यावर मी गॉज दाबून धरला होता, रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं होतं, आणि तेवढ्यात धाकट्याचा पोरगा काठी घेऊन आत शिरला. पहिला घाव औषधांच्या ट्रॉलीवर बसला. कुप्या फुटल्या, काचा माझ्या चपलेत शिरल्या. दुसरा घाव माझ्या पेशंटच्या नडगीवर. आमचा वॉर्डबॉय टेबलाखाली गेला. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, त्या भिंतीला पाठ लावून पोलिसांना फोन लावत होत्या आणि फोन लागत नव्हता.

"सावधान!"

दारातून आवाज आला, आणि तो असा आला की डोकं फुटलेला माझा पेशंटसुद्धा पडल्या पडल्या ताठ झाला. दारात एक उंच माणूस खांद्याला पिशवी लावून उभा. तो चालत आला, पोराच्या हातातली काठी काढून घेतली. पोराने शिवी दिली. त्याने पोराच्या कानाखाली अशी एक ठेवून दिली की पोरगं फरशीवरच बसलं. आणि दुसऱ्या क्षणाला हा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांत बघत होता. "डोळे उघड बेटा. बोटं किती? शाबास. कानात आवाज येऊन राहिला का? येईल जरासा. पाणी पी." पोरगं पाणी प्यालं. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ताई, मी नवा ब्रदर. हात कुठं धुऊ?"

मला तो तिथंच आवडला. नाही कसं म्हणू?

पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून आला होता. पेन्शन घेऊन आलेले बाकीचे फौजी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात, नाहीतर हळदीच्या रानात मोटार चालू-बंद करत दिवस काढतात. हा नांदेडला जाऊन नर्सिंग शिकला, बारावी झालेल्या पोरीपोरांच्या बाकावर बसून. का, तर त्याची कारणं तीन. मला सांगितलं की सोबतीच्या मांडीत गोळी लागली, मदत येईपर्यंत यानं दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि तो याच्या हाताखालीच गेला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की एका मेजरसाहेबांशी पैज लागली होती. बाळंतिणींच्या वॉर्डात सांगितलं की मिलिटरी हॉस्पिटलातल्या एका केरळच्या नर्सवर जीव जडला होता. मी त्याला एकदा धरलं, "खरं कोणतं रे?"

"तिन्ही खरंय ताई. माणूस एकाच कारणानं नर्स होतो व्हय?"

अशा माणसावर रागावायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. जिभेवर साखर आणि डोळ्यांत मिस्कीलपणा. इंजेक्शनला घाबरणाऱ्या म्हातारीला तो आधी सॅल्यूट ठोकायचा. म्हातारी हसायची, तेवढ्यात सुई जाऊन आलेली असायची. रुग्णांच्या नातेवाइकांना डबा खायला घालायचा, आम्हालाही. डबा त्याच्या बायकोच्या हातचा. ज्वारीची भाकर, लसणाची चटणी, आणि भाकर अशी पातळ की दुपारपर्यंत मऊ. "आमची होम मिनिस्टर," म्हणायचा. त्या बाईला आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, पण तिची भाकर आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती.

आणि त्याची पट्टी. हळद शिजवायच्या दिवसांत वाफेने भाजलेली माणसं येतात, पायाची सालटी निघालेली, त्यावर कोणीतरी टूथपेस्ट थापलेली. ती जखम धुताना माणूस कसा ओरडतो ते इथं लिहीत नाही. याच्या हातात तो कमी ओरडायचा. धुऊन झालं की हा पट्टी घ्यायचा आणि प्रत्येक फेऱ्याला ती उलटी मोडून असा गुंडाळत जायचा की हातापायावर मधोमध वेणी उठायची, एकसारखी, आणि शेवटचं टोक गाठ न मारता आत खोचलेलं. लेकरं ती वेणी शाळेत दाखवत हिंडायची. "फौजीची पट्टी हाय," म्हणायची. आम्ही बाकीच्यांनी तशी बांधून पाहिली, पण आमची दुसऱ्या दिवशी घसरून घोट्यात जमा व्हायची. शिकाऊ मुलींना तो समोर बसवून शिकवायचा. "हाड ताजं मोडलं असलं, तर त्या मोडीवर गच्च बांधायची न्हाई. हात सुजतो, पट्टी सुजत न्हाई. मग ती पट्टीच हात खाती."

आता दुसरी बाजू. तो प्यायचा. ड्यूटीवर नाही, पण ड्यूटी सुटल्याबरोबर. आणि मारायचा. दारू पिऊन आलेल्या नातेवाइकाला, रांग मोडणाऱ्याला, बायकोला मारून दवाखान्यात आणणाऱ्या नवऱ्याला तर हमखास. जनरेटरच्या खोलीमागे घेऊन जायचा. आतून आम्हाला फक्त धप धप ऐकू यायचं. मग त्याला कॉलरला धरून आत आणायचा, फुटलेला ओठ स्वतः पुसायचा, औषध लावायचा, पाठीवर थोपटून पाठवून द्यायचा. गावाला हे फार पसंत होतं. फौजी मारतो पण बरं करतो, असं लोक म्हणायचे. जणू काही त्यात हिशेब फिटला.

मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "हा दवाखाना आहे. तुझी पलटण नाही."

"ताई, तुमच्या तोंडाला लोक भितेत, माझ्या हाताला. काम तर एकच हाय की."

"माझ्या तोंडानं कोणाचे दात पडत नाहीत."

तो हसला. हसला की विषय संपला, असं त्याचं होतं.

एकदा एक बाई आली, नवऱ्याने मुसळाने हात मोडलेला. नवऱ्यानेच मोटारसायकलवर बसवून आणली होती. फौजीने बाईचा हात झोळीत बांधला आणि नवऱ्याला मागे नेलं. या वेळी धप धप फार वेळ चाललं. बाई खाटेवरून उठली, झोळीतला हात सांभाळत मागे धावली, आणि चांगल्या हातातली चप्पल तिने फौजीच्या तोंडावर हाणली. एकदा नाही, हात दुखेपर्यंत.

"माझ्या मालकाला काहून मारून राहिलास रं?"

"मावशी, त्यानं तुझा हात मोडला."

"मोडला. अन् आता घरी याच्यासंगं तू जाणार हायेस का मी?"

फौजीचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला मी तेव्हा पाहिला. पुढच्या आठवड्याला ती बाई परत आली, तेव्हा तिच्या कानाची पाळी फाटून लोंबत होती. मी त्याला म्हटलं, बघ, ही तुझी कमाई. त्याने कान असा शिवून घेतला डॉक्टरांकडून, असा बांधला, की खूणही राहणार नाही असं वाटावं. जाताना बाईला केळी घेऊन दिली. मला त्या केळ्यांचा संताप आला होता. पण त्याचं मन आतून कुठंतरी हललं असेल, असंही वाटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण तेव्हा मला सुचायला हवी होती असं कोणी म्हणेल. नाही सुचली. घरातलं कोणाला माहीत होतं?

मग ती दुपार. फौजी ट्रेनिंगला हिंगोलीला गेला होता. एक म्हातारी एका बाईला दंडाला धरून कॅज्युअल्टीत घेऊन आली. बाईचा डावा हात पदराखाली होता. चेहरा राखेसारखा, ओठ दाताखाली धरलेला.

"बाई, हिची बोटं बघा. गार पडलेत."

पदर बाजूला केला आणि मी थांबले. मनगटापासून कोपरापर्यंत वेणी. एकसारखी, मधोमध, शेवटचं टोक आत खोचलेलं. आणि वेणीच्या खालून बाहेर आलेली बोटं निळी, फुगलेली, नखांवर दाबलं तर रंग परत येत नव्हता.

"ही पट्टी कोणी बांधली?"

"गोठ्यात पडले मी," बाई म्हणाली.

"कशी पडलीस ते मी नाही विचारलं. पट्टी कोणी बांधली?"

 म्हातारीने एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "बांधली त्यानं, अन् मोडला बी त्यानंच. माझंच पोरगं हाय. तुमचा फौजी."

मी कात्री घेतली आणि ती वेणी तळापासून वरपर्यंत कापली. कापताना बाई दातांतून श्वास ओढत होती. आत हात लाकडासारखा घट्ट सुजलेला, कातडी ताणून चकाकत होती. कोपरापासून करंगळीच्या बाजूला येणारं हाड मधोमध मोडलेलं. पडलेल्या माणसाचं मनगट मोडतं. हे हाड मोडतं ते डोक्यावर येणारा घाव हाताने अडवला की. कातडीवर बारीक बारीक कापलेलं होतं, बांगड्या फुटून घुसल्याचं. त्यातली एकही काच आत राहिलेली नव्हती. एकेक वेचून काढली होती, एकेक चीर धुऊन औषध लावलं होतं. म्हातारीने सांगितलं, आदल्या संध्याकाळी याच माणसाने म्हशी हाकायची काठी तिच्यावर चालवली होती, त्याच्या मोबाइलवर आलेला फोन तिने उचलला म्हणून. मग बसून चिमट्याने काचा काढल्या होत्या. आणि मग, जे शिकाऊ मुलींना करू नका म्हणून सांगायचा तेच केलं होतं. ताज्या मोडीवर गच्च पट्टी. सूज दिसू नये, पदराखाली हात मावावा, कोणी दवाखान्यात नेऊ नये म्हणून. त्याला येत नव्हतं असं नाही. मला हे आजही सहन होत नाही की त्याला सगळं येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मनगटाची नाडी चाचपली आणि त्यांचा चेहरा बदलला. नांदेडला न्यावं लागेल, हात चिरून आतला दाब मोकळा करावा लागेल, उशीर झाला तर हात जाईल. आणि पोलिसांना कळवावं लागेल.

"पोलीस नको," बाई म्हणाली. "त्याची नोकरी जाईल. मला लेकरू हाय."

"जाऊ दे," म्हातारी म्हणाली. "नोकरी जाऊ दे. डॉक्टरीणबाई, तुमी कळवा. मी सांगते काय सांगायचं ते."

आमच्यातल्याच कोणीतरी त्याला फोन केला होता. त्याच्यावर जीव टाकणारे आमच्याकडे कमी नव्हते. अँब्युलन्सची वाट बघत होतो तेवढ्यात तो दारात आला, घामाघूम, आणि हसत.

"अरे, आमची होम मिनिस्टर इथं कशी?"

बाईचा चांगला हात आपोआप वर गेला आणि डोक्यावर आडवा झाला. तो अजून दारातच होता, पाच हात लांब.  वॉर्डबॉय खाली बघू लागला.

फौजीने ते पाहिलं. आम्ही पाहिलं हेही पाहिलं. हसू तसंच ठेवून तो पुढे आला. "सिस्टर, सरका. माझी केस हाय, मी बघतो." इतके दिवस मी ताई होते, त्या क्षणी सिस्टर झाले. मी सरकले नाही. त्याने माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. हाडापर्यंत कळ गेली. माझ्या दुसऱ्या हाताशी स्टीलचा ट्रे होता. तो मी उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला, चिमटे-कात्र्यांसकट. नाकातून रक्त आलं. त्याने मला भिंतीवर ढकललं. म्हातारी मधे पडली, "हान मला, हान!" म्हणत त्याच्या छातीवर मुठी आपटू लागली, आणि त्याने तिला एका हाताने झटकून दिलं. खाटेच्या लोखंडी कडेवर तिचं तोंड आपटलं. ओठ फुटला, पुढचे दात तुटले, हिरडीतून रक्त.

मग वॉर्डबॉय आणि तेवढ्यात पोचलेला अँब्युलन्सचा ड्रायव्हर, दोघांनी त्याला मागून धरलं. त्याला सोडवून घेता आलं असतं, दोघांना लोळवलं असतं त्याने. पण आईचं रक्त बघितलं आणि त्याच्या अंगातलं सगळं गेलं. ओढत बाहेर नेला तर गेला, आणि दाराबाहेर फरशीवर बसला.

हात नांदेडपर्यंत न्यायचा म्हणजे आधार देऊन सैल बांधायला हवा होता. मी पट्टी घेतली. माझं मनगट सुजायला लागलं होतं. मी तिचा हात जरा उचलला आणि ती किंचाळली. आल्यापासून पहिल्यांदा.

"सिस्टर," ती म्हणाली, "त्यालाच बांधू द्या न. त्याचा हात लय हलका हाय."

मला काय वाटलं ते कसं सांगू. तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती. ती म्हणाली, "दुखू दे. दुखलं तरी बाईच बांधतील."

मी बांधायला लागले. ती रडत होती. बाहेरून त्याचा आवाज आला, नाक भरलेलं, हळू.

"ताई, फार वर नका धरू. छातीच्या बराबर ठेवा. कोपराखाली मऊ काहीतरी द्या. बोटं उघडी."

बरोबर होतं. शब्दन्‌शब्द बरोबर होता. मी त्याला शिव्या घालत, डोळे पुसत, तो सांगेल तसं केलं, कारण हात तिचा होता.

अँब्युलन्स गेली. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. नांदेडला तिचा हात चिरला, हात वाचला. पण दोन बोटं आत वळलेली राहिली, ती उघडत नाहीत. तिने पोलिसांना गोठ्यात पडले असंच सांगितलं. म्हातारीने जे पाहिलं ते सांगितलं, मी जे पाहिलं ते सांगितलं. मग त्याने बरी केलेली माणसं माझ्याकडे यायला लागली, घोळक्याने. भाजलेले पाय, फुटलेली डोकी, शिवलेले कान घेऊन. "सिस्टर, देवमानूस हाय तो. तुमी तेवढं पडली म्हना न." मी म्हटलं, त्याच्या आईचे तुटलेले दात बघून या, मग बोलू. कोणी गेलं नाही. मला मात्र बाजारात पुढं बरेच दिवस लोकांनी ओळख दिली नाही.

आमच्याकडची त्याची नोकरी गेली. आता तो लांब एका शहरात खासगी दवाखान्यात आहे. तिथंही लोक त्याचं नाव काढतात, असं ऐकते, आणि ते खोटं नसणार. भाजलेलं लेकरू आलं, ते माझ्या हाताखाली ओरडायला लागलं, की मलाही त्याची आठवण येते. मला त्या आठवणीचाही राग येतो. म्हातारी त्याला घरात येऊ देत नाही. भाकरी आता तीच थापते, कारण सुनेला दोन्ही तळवे उघडून थापता येत नाही.

चिरलेल्या हाताची जखम भरेपर्यंत सून पट्टी बदलायला आमच्याकडे येत होती. माझ्याकडेच. पट्ट्या आमच्या खोलीत वरच्या फळीवर असतात. पहिल्या दिवशी तिला स्टुलावर बसवलं, जुनी पट्टी सोडली, आणि नवी घ्यायला मी तिच्याशेजारी उभी राहून हात वर केला. तिचा हात झटकन डोक्यावर गेला. मान खांद्यात, डोळे गच्च मिटलेले.

मी हात तसाच वर धरून उभी राहिले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि लाजून हसली.

"सवय हाय सिस्टर. तुमचं काय न्हाई त्यात."

दुसऱ्या दिवसापासून ती यायच्या आधीच मी सगळं सामान फळीवरून काढून टेबलावर मांडून ठेवू लागले, आणि ती खोलीत असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेला नाही.